गुडघ्याएवढी

उत्तरेच्या भिंतीला लाव, म्हणाला लेवाय हर्शबर्गर,
सकाळचं ऊन तिला लागता कामा नये.
मी म्हटलं, ऊन? जानेवारीत?
इथे सस्क्वेहानाच्या काठी
उन्हाला कुणी नको म्हणतं का?
त्याने टोपी मागे सारली,
आणि लहान पोरीला घड्याळ शिकवावं तसं सांगितलं:
थंडीने कळी मरेलच असं नाही, इर्मा.
गोठलेली कळी घाईने वितळली, की संपलं.

बावीस वर्षं मी शाळेची पिवळी बस चालवली.
घाईबद्दल मला सांगायला नको होतं.

आईने जॉर्जियातून तीनदा आणली होती कॅमेलिया,
लांब पल्ल्याच्या बसमधून, मांडीवर,
मुळं ओल्या टॉवेलात बांधून.
तिच्या माहेरी ती खिडकीच्याही वर जाते,
नाताळात चर्चमध्ये परातीच्या पराती फुलं,
हे आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं
की माझा भाऊ तिची नक्कल करायचा,
खुर्चीवर चढून, हात छताला टेकवून.
तिन्ही रोपं पहिल्याच हिवाळ्यात गेली.
तिसऱ्याचं खोड तिने मे उजाडला तरी उपटलं नाही.
रोज सकाळी नखाने साल खरवडायची,
खाली हिरवं आहे का बघायची,
मग हात धुऊन, काही न बोलता,
लाँड्रीच्या पाळीला.

माझी त्या घराण्यातली नव्हे.
ही बुटकी. थंडीला मुरलेली.
दहा वर्षांत मांडीला लागली तरी खूप, असं नर्सरीवाली म्हणाली,
जरा ओशाळून, जणू मी भाव पाडून मागणार होते.
मला कुठे खिडकी झाकायची आहे?
डावा गुडघा धातूचा, उजवा रांगेत उभा.
दुधाच्या उलट्या क्रेटवर बसलं
की शेंड्यापासून बुंध्यापर्यंत सगळी हाताशी येते,
वाकावं लागत नाही. एवढं पुरे.

लावली एप्रिलमध्ये; शरदात नाही, ही लेवायची दुसरी अट.
खड्डा उथळ, मुळांचा गड्डा मातीच्या बोटभर वर,
भोवती पाइनच्या सालीचा थर,
पण बुंध्याला चिकटवायचा नाही.
नोव्हेंबरात चार खुंट्या आणि गोणपाट, वरून उघडं.
पोस्टमन थबकून म्हणाला, कोणाला कोंडलंयस?

कळ्या मोजल्या होत्या: एकोणीस.

मग ती रात्र आली, शून्याखाली चार.
पहाटे साडेपाचला लेवायचा फोन.
बाहेर जाऊ नकोस. पाणी नको, दिवा नको,
पानं हलवून बघू नकोस.
मी स्वयंपाकघरात कोट घालून बसले
आणि काहीही केलं नाही,
दुपारपर्यंत.
कॉफी तेवढी तीनदा गरम केली.
गोणपाटाच्या फटीतून दिसत होती
काळपट, कान पाडलेली पानं.

मार्चमध्ये चौदा कळ्या तपकिरी,
बोट लावलं की गळत.
तीन आतून पोकळ.
मी त्या कॉफीच्या डब्यात गोळा केल्या, का ते विचारू नका.

एप्रिलच्या नऊ तारखेला एक उमलली.
गुलाबी, पाकळीच्या कडेला चहा सांडल्यासारखा डाग.
लेवाय उकिडवा बसला, उठताना माझा खांदा धरला,
म्हणाला, प्रदर्शनात नाही चालायची.
नको चालू दे, मी म्हटलं.

संध्याकाळी भावाला सव्हानाला फोन लावला.
किती उंच? त्याने विचारलं.
मी हात गुडघ्याला लावला,
फोनवर त्याला कसा दिसणार?
एवढीशी, म्हटलं.
तो हसला. पुष्कळ हसला, मग खोकला,
मग मागे टीव्हीचा आवाज होता तो बंद झाला.

नखाने बघितलं होतंस? त्याने विचारलं.
रोज, मी म्हटलं.